देव्हाऱ्यातलं कार्ड

कॅनडात जाऊन काय पाहिलं, असं दिग्रसमध्ये जो भेटेल तो मला विचारतो. मी खरं तेच सांगते. लेकीच्या घराचं छत पाहिलं, अगदी जवळून. मग फरशी पाहिली, तीही अगदी जवळून. मधलं जे काही पाहायचं होतं ते राहून गेलं. लोकांना वाटतं बाई गंमत करतात. गंमत कसली, पुरावा आहे माझ्याकडे, तिथल्या डॉक्टरांच्या सहीचा.

पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. खुर्चीवर उभं राहू नका, पडाल, हे किती पोरांना सांगितलं असेल देव जाणे. ती पोरं आता चाळिशीत आलीत आणि एकही पडलेलं नाही. मी पडले, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि तेही चाकं असलेल्या खुर्चीवरून.

झालं असं, की लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं, यात बोलाचाली नाही. लेक त्या दिवसांत इतका लांबचा प्रवास करू शकत नव्हती, तर माहेरानंच उठून तिच्याकडे जावं असं ठरलं. माहेर म्हणजे मी. आमचे हे येणार नव्हते. यांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशोब लिहिण्यात गेली, आणि ऑफिस कुठं, तर मशीनच्या भिंतीला लागून. त्या घरघरीत यांचे कान गेले. कानाचं मशीन घ्या म्हणून मी दहा वर्षं घसा फोडला. "मशीन म्हातारे लावतेत," हे यांचं उत्तर, वय वर्षं एकाहत्तर. तेव्हा हे घरी राहणार आणि मी एकटी जाणार असं ठरलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात फार वाईट वाटलं नाही. चाळीस वर्षं एकेक वाक्य तीनदा बोलून बाईमाणूस थकते.

लेकीनं फोनवर बजावलं, "आई, निघाच्या आधी प्रवासाचा विमा काढून घेजो. इथं दवाखाना लय महाग हाये."

मी म्हटलं, "तुले काय वाटते, तुझ्या मायले समजत नाई? आपल्या खात्यावर विमा हाये, फुकट."

आणि होताच. माझं पेन्शनचं खातं बँकेनं मागच्या वर्षी वरच्या दर्जाचं करून दिलं होतं. नवं चकचकीत कार्ड आलं, सोबत पुस्तिका आली, आणि शाखेतल्या साहेबांनी उभं राहून सांगितलं की आता तुम्ही जगात कुठेही गेलात, कुठेही पडलात, तर बँक पाहून घेईल. साहेब उभे राहून बोलले की मला सगळं खरं वाटतं, हा माझा जुना रोग आहे. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर विम्याची मोठी रक्कम होती. ती वाचून मी पुस्तिका बंद केली आणि अर्ध्या दिग्रसला सांगून आले. प्रश्न पूर्ण वाचा, मगच उत्तर लिहा, हे फळ्यावर लिहिता लिहिता ज्या बाईच्या बोटांना घट्टे पडले, ती बाई मी.

कार्डाचं काय केलं, तर देव्हाऱ्यात ठेवलं. हसू नका, आमच्या गल्लीत विचारा, निम्म्या घरांत तेच सापडेल. पेन्शन त्यावर येते म्हणजे ती लक्ष्मीच झाली. लक्ष्मीपूजनाला आम्ही पासबुकासोबत कार्डही पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि पुन्हा अन्नपूर्णेच्या मागे सरकवून दिलं. बाजारात नेलं तर कोणी नंबर चोरेल, मशीनमध्ये घातलं तर मशीन गिळेल, अशी मला दहशत. इतकी दहशत, की गुप्त नंबर विसरू नये म्हणून तो एका चिठ्ठीवर लिहून कार्डाच्या पाकिटातच ठेवला होता. पैसे लागले की मी शाखेत जायची, स्लिप भरायची, रांगेत उभी राहायची.

जानेवारीत मी निघाले. बॅगेत डिंकाचे लाडू, ओवा, शेपा, वेखंड, बाळाची दुपटी, आणि एक छोटं लोखंडी घमेलं. घमेलं कशाला, तर बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायला. निखाऱ्यावर ओवा आणि वेखंड टाकायचं, आणि न्हाऊन आलेल्या बाळाला त्या धुरावरून फिरवायचं. माझ्या आईनं मला दिली, लेक तान्ही असताना मी तिला दिली. कॅनडाच्या थंडीत तर हवीच हवी, असा माझा हिशोब.

पोचून नऊ दिवस झाले होते. बाळ यायला अजून वेळ होता. जावई ऑफिसला गेले होते, लेक आतल्या खोलीत झोपली होती. मला वाटलं, एक रंगीत तालीम घेऊन पाहावी, शाळेत स्नेहसंमेलनाच्या आधी घेतो तशी. बाल्कनीत जावयांनी आणलेला कोळसा होता. दोन तुकडे विजेच्या शेगडीवर लाल केले, घमेल्यात टाकले, वरून ओवा भुरभुरला. वास सुटला आणि मला डोळ्यांत पाणी येईल इतकं बरं वाटलं. म्हटलं, झालं, माहेर पोचलं कॅनडात.

तेवढ्यात छतातून किंचाळी सुरू झाली. धुराची घंटा. तिकडे ती प्रत्येक घरात असते, हे लेकीनं सांगितलं होतं, पण मला वाटलं होतं की ती आगीच्या धुरासाठी असते, ओव्याच्या धुराला काय म्हणणार ती. घंटा थांबेना. लेक दचकून उठेल, नवव्या महिन्यात धावत येईल, पडेल, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. मी जावयांची ऑफिसची खुर्ची ओढली, हातात लाटणं घेतलं, चढले, आणि लाटण्यानं त्या घंटेचं बटण दाबायला गेले. खुर्ची म्हणाली, बाई, मी चालले. ती तिकडे गेली, मी इकडे आले, आणि उजवा हात खाली.

लेक दचकून उठली, नवव्या महिन्यात धावत आली. पडली मात्र नाही. तिनं घंटा टॉवेल हलवून बंद केली, दोन मिनिटांत. मग मला उठवून बसवलं, माझ्या पायात बूट घातले, वाकता येत नव्हतं तरी वाकून नाड्या बांधल्या. मी तिच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहत होते आणि मला माझ्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. पण मारायचा हात मोडला होता.

मनगटाच्या वर दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. जावयांनी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा जितका गंभीर, तितकं डॉक्टरांचं गांभीर्य कमी होत गेलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, चाकाच्या खुर्चीवर उभं राहून लाटण्यानं धुराची घंटा बंद करताना पडल्या. लाटणं हा शब्द इंग्रजीत इतका लांबलचक असतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं जे झालं ते हाड मोडण्यापेक्षा वाईट होतं. उजवा हात गळ्यात अडकवलेली आई बाळंतपणाच्या काय कामाची? जावयांच्या आईला वर्ध्याहून तातडीनं बोलवावं लागलं. ज्या विहीणबाईंचा मान आम्ही राखायचा, त्या बाई अंगात ताप असताना इतक्या लांबून आल्या आणि आल्या त्या दिवसापासून पदर खोचून उभ्या राहिल्या. लेकीला शिरा त्यांनी केला. बाळाला न्हाऊ त्यांनी घातलं. मुलगी झाली होती, नात. तिच्या अंगाला तेल लावताना विहीणबाई गाणं म्हणायच्या आणि मी सोफ्यावर बसून पाहायची. वरतून त्या माझी वेणीही घालायच्या. "बसा तुम्ही निवांत," म्हणायच्या, अगदी मनापासून, आणि मला ते सुईसारखं टोचायचं. नातीला माझ्याजवळ द्यायचं तर आधी डाव्या बाजूला उशी ठेवायची, मग तिला ठेवायचं, मग एक जण समोर उभं राहायचं, पडली तर झेलायला.

एक दिवस खणात कात्री शोधताना मला दवाखान्याचं बिल सापडलं. जावयांनी गुपचूप भरलं होतं. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि खाली बसले. लेकीच्या बाळंतपणाचा खर्च आपण करायचा, तर इथं जावयानं सासूच्या हातासाठी बाळाच्या नावे साठवलेला पैसा मोडला होता. हे विहीणबाईंनाही माहीत होतं, आणि त्या एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

त्या दिवशी जेवताना मी जाहीर केलं, "जावईबापू, थे पैसे पूरे वापस भेटतीन तुम्हाले. माझ्या खात्यावर विमा हाये."

"राहू द्या आई," जावई म्हणाले.

"राहू कायले द्याचं? हक्काचे हायेत."

सगळ्यांसमोर बोलून बसले. आता ते पैसे आणल्याशिवाय मला त्या घरात मान वर करून बोलता येणार नव्हतं, हे मला आणि विहीणबाईंना दोघींनाही ठाऊक होतं.

एप्रिलात परत आले. प्लॅस्टर निघालं होतं, पण बोटं वळत नव्हती, पेन धरता येत नव्हतं. क्लेमचा फॉर्म यांनी लिहायला घेतला. मी सांगायचं, यांनी लिहायचं. आमच्या घरात सांगणं म्हणजे ओरडणं. सवयीप्रमाणे मी एकेक वाक्य छताला लागेल अशा आवाजात बोलत होते, आणि शेजारच्या चार घरांना माझा अपघात तोंडपाठ होत होता.

"अपघात कसा घडला, सविस्तर," यांनी वाचलं.

"लिहा," मी ओरडले, "घरगुती काम करत असताना तोल जाऊन पडले."

यांनी पेन थांबवलं. "लाटणं लिहू का?"

"लाटणं कायले लिहिता?"

"डॉक्टरनं लिवलं हाये. आपलं वेगळं दिसलं तर थे म्हणतीन खोटं हाये."

माणूस बरोबर होता, म्हणून मला जास्त राग आला. मग आम्ही सगळं लिहिलं. कोळसा, ओवा, घंटा, चाकं, लाटणं. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू भाजीचं निमित्त काढून आल्या आणि "हात कसा हाये" विचारायच्या ऐवजी "लाटणं सापडलं का" असं विचारून गेल्या.

बिलं, डॉक्टरांचा कागद, एक्स-रेचा रिपोर्ट, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स, विमानाच्या बोर्डिंग पासचे अर्धे तुकडे, सगळं यांनी सुतळीनं बांधून शाखेत दिलं. मी लेकीला कळवलं, झालंच समज. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं. मी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. प्रवासाला निघण्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत या कार्डानं निदान एकदा तरी दुकानात खरेदी केलेली असली पाहिजे. तसा पुरावा पंधरा दिवसांत द्यावा, नाही तर दावा नामंजूर.

पुस्तिका काढली. अट होती, सोळाव्या पानावर. कार्ड वापरणाऱ्यालाच विमा. आणि आमचं कार्ड अन्नपूर्णेच्या मागे बसून हळदकुंकू घेत होतं.

मला राग आला की मी कोणाचं ऐकत नाही, स्वतःचं तर मुळीच नाही. कार्ड देव्हाऱ्यात ठेवायची कल्पना माझी होती. पण रागाच्या भरात ती कल्पना यांची झाली, आणि मलाही ते पटलं. यांच्यासमोर कार्ड आपटून मी पत्र वाचून दाखवलं, अक्षर न् अक्षर, आणि वर म्हटलं, "देवाले बाजारात जाचं होतं का? कार्ड कायले पायजे होतं त्याले?"

यांनी पत्र हातात घेतलं, शांतपणे वाचलं, घडी घातली. "पाहू," म्हणाले.

"पाहू" हा शब्द या घरात बंद केला पाहिजे, असं माझं जुनं मत आहे. त्या दिवशी मी ते नव्यानं मांडलं, मोठ्यानं, आणि मग पुढचे बारा दिवस हळू आवाजात मांडत राहिले. घरात कानानं कमी माणूस असला की एक सोय असते. त्याच्या पाठीमागं बोलायला त्याच्या पाठीमागं जावं लागत नाही. हे समोर बसून भाजी चिरायचे, कारण माझा हात चालत नव्हता, आणि मी यांच्यापासून पाच फुटांवर बसून राळेगावच्या बहिणीला फोनवर सांगायची की हा माणूस म्हणजे भिंत आहे. "भिंतीशी बोल्लं तर निदान आवाज तरी वापस येते वं," मी म्हटलं. "चाळीस वर्षं वाया गेली माझी." बहीण तिकडून म्हणाली, "असं बोलू नोको, ऐकतीन थे." मी हसले. हे वांगी चिरत राहिले, एकेक फोड सारखी, जिनिंगच्या वहीत आकडे मांडायचे तशी.

लेकीचा फोन आला की मी म्हणायची, होऊन राह्यलं काम. बहुतेक वेळा मी फोन उचलतच नसे. उचलला की नात दिसायची, नात दिसली की मागे विहीणबाई दिसायच्या, आणि मला तोंड लपवावंसं वाटायचं. मनात ठरवलं होतं, यांच्या आजारपणासाठी बाजूला ठेवलेली मुदतठेव मोडायची, पैसे पाठवायचे आणि विम्याचेच म्हणून सांगायचे. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, तेवढं एक पुण्य होतं गाठीला, तेही चाललं होतं. मुदतठेव मोडायचा अर्ज मी डाव्या हातानं लिहिला. पहिलीतल्या पोराचं अक्षर बरं.

अर्ज घेऊन शाखेत जायच्या दिवशी सकाळी मोबाइलवर निरोप आला. आपला दावा मंजूर झाला आहे.

मी तो अर्थातच खोटा धरला; बँकेच्या नावानं आलेले निरोप मी एरवी न उघडताच पुसते. आजकाल असे निरोप येतात आणि माणसं लुटली जातात, हे मी भिशीच्या बायकांना स्वतः भाषण देऊन सांगितलेलं. मी मोबाइल आणि अर्ज दोन्ही घेऊन तडक शाखेत गेले, चोर पकडून द्यायला. क्लेमचं काम पाहणारी अधिकारी माझ्याच शाळेत शिकलेली. तिनं निरोप पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

"बाई, फ्रॉड नाई आहे हा. खरंच मंजूर झाला."

"कसा काय? कार्ड तं आम्ही कधी वापरलंच नाई."

"वापरलं ना. काकाजी आले होते स्टेटमेंट घ्यायला, पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सही शिक्का घेऊन इथूनच पाठवलं." तिनं फाइल उघडून कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "काकाजी म्हणाले होते, बाईले सांगू नोको, मी सांगतो. सांगितलं नाही का त्यांनी?"

कागदावर एकच ओळ होती, तिच्याखाली लाल पेनानं पट्टीनं मारलेली रेघ. यांची ती रेघ मी कुठंही ओळखली असती. माझ्या निघण्याच्या आठ दिवस आधीची तारीख होती. यवतमाळातलं दुकान. दुकानाच्या नावातच कळत होतं तिथं काय मिळतं. कानाची मशीनं.

मी अर्ज पर्समध्ये घातला आणि घरी निघाले. बँकेपासून घर दहा मिनिटांवर. ऊन मी म्हणत होतं, आणि मी त्या उन्हात सावकाश चालत होते, कारण घरी पोचायची घाई नव्हती. परत आल्यापासून या माणसासमोर मी काय काय बोलले, ते आठवत होते. घोरण्याबद्दल बोलले होते. यांच्या बहिणीबद्दल बोलले होते. टीव्हीचा आवाज कमी झाला, म्हणजे शेवटी माझ्या ओरडण्याचा उपयोग झाला, असं बहिणीला ऐटीत सांगितलं होतं. फॉर्म लिहिताना मी एकदा सांगितलं की हे लिहून मोकळे व्हायचे, दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत, तेही आता ध्यानात आलं. आणि ती भिंत. ती आठवली तेव्हा मी रस्त्यात थांबलेच. ऐकतीन थे, असं बहीण म्हणाली होती, राळेगावात बसून तिला कळलं होतं.

हे ओसरीवर बसून तुरीच्या डाळीतले खडे निवडत होते. उन्हातून आलेले असावेत, डोक्याला कानावरून दुपट्टा गुंडाळलेला. मी मागच्या बाजूनं गेले आणि नेहमीच्या माणसाशी बोलावं तितक्याच आवाजात म्हटलं, "पाणी आणू का?"

"नोको," हे म्हणाले. मग त्यांचा हात डाळीत तसाच थांबला.

मी समोर जाऊन बसले. दुपट्टा बाजूला केला. कानात खोल, कातडीच्या रंगाचं, वाटाण्याएवढं काहीतरी होतं. यांच्या कानाकडे मी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.

"कवापासून ऐकू येते तुम्हाले?"

"तू जाच्या आठ दिवस आधीपासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगणारच होतो. तू बॅगा भरून राह्यली होती. म्हटलं तुले न विचारता तुझ्या पैशानं घेतलं, तू चिडशील."

"आन् आल्यावर?"

"आल्यावर तू बोलून राह्यली होती," हे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"दहा वर्षं म्हटलं तं घेतलं नाई. आताच कायले घेतलं?"

यांनी खडे वेगळे काढून ठेवले. "नात होईन," म्हणाले, "थे तिकडे रडन, तुम्ही फोन कानाले लावून द्यान, आन् मले काही ऐकू नाई येनार. म्हणून गेलतो यवतमाळले. पण पह्यलं रडणं ऐकलं थे तुझंच."

मला कळेना. मग कळलं. पडले त्या दिवशी दवाखान्यातून मी यांना फोन केला होता. ओरडून सांगितलं होतं, थोडंसं लागलं आहे, काही नाही, ठीक आहे मी. आणि फोन तसाच मांडीवर ठेवून दिला होता. यांना तर काही ऐकू येत नाही. मग मी रडले होते, तोंडात पदर कोंबून, बराच वेळ. देवाला म्हणत होते की लेकीचा भार उचलायला आले आणि तिच्यावरच भार होऊन बसले, मला कशाला आणलं इथं. लेक औषधं आणायला गेली होती. आपण कोणासमोर रडलो नाही, एवढं एक समाधान मी इतके महिने जपून ठेवलं होतं.

"फोन ठेवाचा राह्यला होता तुया," हे म्हणाले. "म्यापण नाई ठेवला. म्हटलं एकटी कायले रडन." मग पुन्हा डाळीत हात घालून म्हणाले, "तवाच ठरवलं होतं, विम्याचे पैसे आणून द्याचेच. बिल कितीचंबी असो."

ज्या बाईनं पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या आवाजावर गप्प केला, तिचा आवाज फुटेना. यांना वाटलं मी चिडले. यांनी हळूच कानातलं ते मशीन काढलं, तळहातावर ठेवून मला दाखवलं आणि म्हणाले, "घे. आता काय बोलाचं थे बोल. बंद हाये."

मी ते त्यांच्या हातातून घेतलं. मोडलेल्या हाताची बोटं धड वळत नव्हती, म्हणून दोन वेळा चुकलं, तिसऱ्या वेळी त्यांच्या कानात बसलं. मग मी हळू आवाजात म्हटलं, "चुकलं माझं."

"हाव," हे म्हणाले. "ऐकलं."